हॉवर्डच्या गाण्याच्या जागी

अ‍ॅडलेडकडच्या मूंट्यात लिंडसे नॅनकिव्हेलचा आवाज न ओळखणारा माणूस भेटला, तर तो आदल्याच दिवशी गावात उतरलेला असणार. पिठाचं पोतं दगडी फरशीवरून ओढावं तसा तो खर्ज. बेकरी चालवायचा तेव्हा पेस्टी, म्हणजे मटण-बटाट्याची भाजलेली करंजी, घ्यायला आलेल्या बाया त्याचं "काय देऊ?" ऐकून दचकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दचकायला यायच्या. असं गावात बोलत. आपण आपलं ऐकलेलं सांगायचं.

या खर्जाच्या जोरावर पुरुषांचं एक गायकमंडळ उभं होतं. खाणीत राबायला विलायतेतल्या कॉर्नवॉलहून आलेल्या पणजोबांनी नाताळची जी गाणी बरोबर आणली, ती हे लोक म्हणत. तळाशी लिंडसे, आणि वर, अगदी छताला लागलेला, हॉवर्ड रोझवार्न. हॉवर्ड दिसायला पाप्याचं पितर, पण गळा असा की पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या रुमाल आधीच काढून ठेवत. पुढे त्याला पश्चिमेला, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत काम मिळालं. बायको आयव्हीला घेऊन तो निघाला आणि वरचा सूरच गेल्यामुळं मंडळ बसलं.

निरोपाच्या जेवणाला लिंडसे दोन ग्लास पोटात गेल्यावर उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "याला जाताना तपासून घ्या रे. चोर आहे हा. आमचं गाणं खिशात घालून चाललाय." सगळे हसले. हॉवर्डही हसला. आयव्ही तेवढी हसली नाही. त्यानंतर पत्र ना इकडून गेलं, ना तिकडून आलं. दोघेही आधी दुसऱ्याचं येऊ दे म्हणत बसले असणार. गाणाऱ्यांचा हा जुना रोग.

बेकरी विकल्यावर लिंडसेचे हात मोकळे झाले आणि जीव उगाच घुटमळायला लागला. त्याच्याकडे मंडळाच्या जुन्या टेपा होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला गार्थ पेनहॉल म्हणाला, "कपाटात कुजवतोस कशाला? इंटरनेटवर चढवू." दोघांनी मिळून वेबसाइट केली. पोटापाण्यासाठी पांगलेली गावची पोरं अ‍ॅडलेडहून, पर्थहून लिहायला लागली, "आमचे बाबा ऐकले." लिंडसेला वाटायचं, मंडळ पुन्हा भरलं, फक्त खुर्च्या लांब लांब मांडल्यात.

एकच अडचण होती. साइट ज्यांच्या यंत्रावर ठेवली होती त्यांनी महिन्याचा वाटा ठरवून दिला होता. ऐकणाऱ्यांकडे गाण्यांचा तेवढा माल साइटवरून बाहेर गेला की महिनाअखेरपर्यंत दाराला कुलूप. एवढे दिवस वाटा पुरून उरत होता. आणि एका डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, गाण्यांच्या जागी पांढरं पान आलं: बँडविड्थची मर्यादा ओलांडली आहे.

"काय रे, दुकान बंद?" लोक रस्त्यात विचारायचे. "का हॉवर्डला शेवटी सर्दी झाली?"

लिंडसे वरवर हसायचा. पण तो नाताळ पत्रांवाचून गेला, आणि ते त्याला फार लागलं.

जानेवारीत वाट्याला पुन्हा तशीच गळती लागली, तेव्हा गार्थनं चष्मा नाकावर आणून साइटच्या नोंदी चाळल्या. "सापडलं. हॉवर्डचं एकट्याचं गाणं आहे ना, ते कोणीतरी आपल्या पानावर लावलंय. फाइल उचलून नेलेली नाही, नुसता पत्ता दिलाय. त्याचं पान कोणीही उघडलं की गाणं आपल्याकडून जातं. वाजतं त्याच्या घरी, खर्च आपल्या नावावर."

आपल्या या कोरड्या मुलखात पावसाच्या पाण्याची टाकी म्हणजे घरातलं माणूस. शेजाऱ्यानं कुंपणाखालून पाइप घालून आपल्या टाकीवर गुलाब फुलवावेत, तसं लिंडसेला झालं.

"कोण आहे तो?"

"पत्त्यावरून काय कळतंय? फुकटातलं पान आहे. असेल कोणी अमेरिकेत नाताळची कार्डं विकणारा."

"उघडून बघू या का?"

"बघ की. उघडलंस की गाणं पुन्हा जाईल, आपल्याच वाट्यातून."

इथं लिंडसेमधला बेकरीवाला जागा झाला. चोराचं तोंड बघायलाही आपलंच पीठ घालायचं, हे काही त्याला पटेना. त्यानं ते पान उघडलं नाही.

"आता गंमत करू," गार्थ म्हणाला. असल्या साइटवाल्यांमध्ये तेव्हा ही थट्टा चालायची, आणि जो तो दुसऱ्याला फुशारकीनं सांगायचा. फाइलचं नाव तेच ठेवायचं आणि आत भलतंच भरायचं. खरं गाणं दुसऱ्या नावानं आपल्यापुरतं ठेवायचं. चोराला पत्ताही लागत नाही.

लिंडसे माइकसमोर बसला आणि ठेवणीतल्या खर्जात बोलला, "चोरा, दुसऱ्याचं गाणं वाजवताना लाज नाही वाटत? ते आमचं आहे. ठेव तिथं आणि चालता हो." मागून गार्थ गाढवासारखा ओरडला. हे काम गार्थला फार सुरेख जमतं. त्याची बायको म्हणते, त्याला वेगळा सराव लागला नाही. दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसले. गळती थांबली, आणि लिंडसेनं ही हकीकत चहाबरोबर आठवडाभर गावाला वाढली.

फेब्रुवारीत भर उन्हाच्या दुपारी फोन वाजला.

"मिस्टर नॅनकिव्हेल? मी रोझलिन. हॉवर्ड रोझवार्नची मुलगी."

"अगं, तू एवढीशी होतीस! हॉवर्ड कसा आहे?"



"बाबांना जाऊन काल वर्ष झालं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

लिंडसे स्टुलावर टेकला.

"मी त्यांच्या आठवणीचं एक पान केलंय," ती म्हणाली. "उघडलं की त्यांचं गाणं सुरू होतं. आई आता वृद्धाश्रमात असते, डोळ्यांनी दिसत नाही तिला. मी गेले की तेवढं ऐकते. मधे बरेच दिवस बंद पडलं होतं, मग माझंच जाणं झालं नाही. कॉर्नवॉलवाल्यांनी ते पान एकमेकांना पाठवलं, कॅनडातनं लोकांनी लिहिलं. काल वर्षदिनाला तिच्या खोलीत सगळे जमलो होतो, केक आणला होता. मी पान उघडलं, आणि..."

"पुढचं नको सांगू."

"गाढव ओरडलं. पोरं हसली. आई म्हणाली, हा लिंडसे आहे. म्हणाली, त्यानं अजून सोडलं नाही."

"रोझलिन, मला माहीत नव्हतं गं ते तुझं पान आहे. तो चोर मी हॉवर्डला नाही म्हटलं."

"मग मला म्हटलंत?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "मी तर गाणं उतरवूनसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, ते मूंट्याचं आहे, विचारल्याशिवाय उचलायचं नाही. तिथंच राहू दे, आपण नुसता रस्ता दाखवू. उतरवून घेतलं असतं तर चोरी झाली असती ना?"

उतरवून घेतलं असतं तर काही म्हणता काही झालं नसतं. हे तिला सांगायचं लिंडसेच्या जिवावर आलं. तो एवढंच म्हणाला, "तुझं बरोबर होतं, पोरी."

फोन ठेवल्या ठेवल्या त्यानं गाणं जागेवर बसवलं. एरवी असल्या कामाला त्याला गार्थ लागायचा, त्या दिवशी लागला नाही. आयव्हीला फोन करायला मात्र त्यानं रविवार उजाडू दिला.

"आयव्ही, मी लिंडसे."

"आवाजावरून कळलं. तुला नाव सांगायची गरज कधी पडलीय?"

"परत लावलंय मी ते."

"हो, रोझलिननं ऐकवलं. चांगला गायलाय. त्या वर्षी त्याला ताप होता, आठवतं? तरी गायला."

"मग आता रोज ऐकत जा."

"पहिलं कडवं ऐकते. पुढं बंद करायला सांगते."

"का गं?"

"आता तू येशील, असं वाटत राहतं."

"मी नाही येणार, आयव्ही. काढून टाकलंय ते, कायमचं."

"मला माहीत आहे रे. कानांना कोण सांगणार?"

लिंडसे फोनच्या वायरीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "त्या निरोपाच्या दिवशीही मी थट्टाच केली होती."

"हॉवर्ड तेच म्हणायचा. दर नाताळाला म्हणायचा, लिंडसेला लिहितो. मग म्हणायचा, त्याचं येऊ दे आधी." तिनं श्वास घेतला. "जेवायला हाक मारतायत मला. तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"सांभाळ मग."

गार्थनं ऐकून घेतलं. "गाढव माझं होतं. मीही फोन करतो," म्हणाला. लिंडसेनं करू दिला नाही. मग गार्थनं साइटला असं कुलूप घातलं की बाहेरच्या कोणालाही गाणं ओढता येऊ नये, रोझलिनचं पान सोडून. त्या एका पानाला दार सताड उघडं ठेवलं.

इस्टरच्या सुमाराला रोझलिननं पानावरून गाणं काढलं. आईनं सांगितलं, म्हणाली. फोटो आहेत तेवढे पुरेत.

मर्यादा आता कधी ओलांडली जात नाही. महिना संपतो तेव्हा अर्ध्याहून अधिक वाटा तसाच पडून असतो. गार्थ म्हणतो, लहान वाटा घे, स्वस्तात पडेल. लिंडसे हो म्हणतो आणि जुनाच चालू ठेवतो.