गोदूबाईचा पाय

गोदूबाई पायाळू. आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेली, म्हणून तिचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं सगळं राहनाळ गाव मानायचं. गोदामात खोकी उचलून पाठ धरलेले हमाल सकाळीच तिच्या ओट्यावर पालथे पडायचे. पैसा ती घ्यायची नाही. मान मात्र पुरेपूर घ्यायची, आणि का घेऊ नये?

त्या सकाळी तिचा नवरा दौलत टेम्पो घेऊन निघाला. पुढच्या कंटेनरने कचकन ब्रेक मारला आणि टेम्पो त्याच्यावर जाऊन आदळला. दौलतची छाती स्टिअरिंगवर आपटली. पट्टा लावायची सवय त्याला कुठली! तरी अंगावर ओरखडा नाही, आणि तो आपल्या पायांनी घरी आला.

"पाठीत भरलंय गं. खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मधी."

"उसण हाय. पडा पालथे."

ओट्यावर चार माणसं बसलेली. गोदूबाईने तीनदा पाय लावला. दौलत घामाघूम झाला होता, तरी उठून लोकांकडे बघत हसला. "उतरली! हिच्या पायाला गुण हाय."

गोदूबाईने कौतुकाने चहा टाकला आणि त्याला आत झोपवलं. दुपारी तो बोलेना, हात गार पडला.  तेव्हा कुठे मुलगी क्षितिजाने रिक्षा आणली आणि दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, पण तिने लपवलं नाही. "गाडी थांबली, छाती थांबली, पण आतलं हृदय तसंच पुढे ओढलं गेलं. त्यातून निघणारी मोठी रक्तवाहिनी पुढे पाठीच्या कण्याला धरलेली असते. पदर खिळ्याला अडकावा आणि आपण चालत राहावं, तशी ती तिथेच फाटली. वरचा पातळ थर अजून धरून आहे. तो सुटला तर हातात काही नाही."

"माझ्या पायानं फाटली का, बाई?"

"नाही हो. ती ब्रेकलाच फाटली. पण सकाळीच आणायला हवं होतं."

गोदूबाईला वाटलं, पायाने फाटली असती तर बरं झालं असतं, निदान पाय तोडून टाकता आला असता. दुखत होतं तर हसलात कशाला हो? माझी लाज राखायला? ती दाराला डोकं टेकून त्याला शिव्या देत होती आणि त्याच तोंडाने देवाला हाका मारत होती. ऑपरेशनची तयारी चालली होती तेवढ्यात तो थर सुटला, आणि दौलत गेला.

दिवसकार्य उरकलं. शेजारची कमळा कमरेत वाकून ओट्यावर आली. "गोदू, पाय लाव गं बाई. तुझा पाय लागला का लगेच उतरंल."

गोदूबाईने दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"ह्ये बी तसंच म्हनले व्हते," ती म्हणाली, आणि क्षितिजाला रिक्षा बोलवायला सांगितलं.