खंडेनवमीचा फोटो

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. वडील गवंडी, ते थापी आणि ओळंबा पुजायचे. इथे कतारमध्ये, मेसईदच्या खत कारखान्यात माझं हत्यार म्हणजे छातीला लावायचा गॅस डिटेक्टर. गॅस सुटला की बोंबलतो. तो कंपनीचा, घरी न्यायचा नसतो. मी नेला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, फोटो काढला आणि माझ्या मराठी ब्लॉगवर टाकला. वाचणारे सगळे गावाकडचे, इथल्या साहेबांना कुठे कळतंय मराठी! काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे.

संध्याकाळी आमच्या शिफ्ट सुपरवायझरचा फोन आला. रत्नागिरीचा माणूस, दहा वर्षं आम्ही एका ताटात जेवलेलो.

"मेल्या, ती पोस्ट काढ. आत्ताच्या आत्ता."

मला वाटलं, माझ्याच काळजीनं बोलतोय. काढली. पण आमच्या चुलत्यांनी तिचा स्क्रीनशॉट आधीच अख्ख्या भावकीत फिरवला होता. वर कौतुकानं कंपनीचं नावही लिहिलं होतं!

रविवारी एचआरची मेल आली, मंगळवारी दहाला भेटा. झालं! दोन दिवस घास उतरेना. माझ्या व्हिसावर बायको आणि दहावीतली पोरगी. बायको म्हणाली, "अहो, फुलाच्या फोटोवरून कुणी नोकरी घालवतं का?" मी तिच्यावर खेकसलो. घालवतात, हे मला माहीत होतं. सोशल मीडियाच्या नियमांवर सही मीच केली होती, न वाचता.

मंगळवारी एचआरच्या मॅडमनी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचलेल्या पोस्टची प्रिंट पुढे ठेवली, शेजारी मशीननं केलेलं इंग्रजी भाषांतर. डिटेक्टर घरी नेला, फोटो टाकला, म्हणून लेखी ताकीद. एवढंच! मी हुश्श करतोय तोच त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे भाषांतर बरोबर आहे?"

मी लिहिलं होतं, या यंत्रानं यंदा मला दोनदा जिवंत घरी आणलं.

"दोनदा? आमच्याकडे यंदा गॅसगळतीची एकही नोंद नाही."

गेटवरच्या बोर्डावर अपघाताविना गेलेले दिवस लिहिलेले असतात. गॅस सुटला तेव्हा दोन्ही वेळा सुपरवायझर म्हणाला होता, "कुणाला लागलं नाही ना? मग खलास. बोर्ड कशाला खराब करतोस?" आणि दोन्ही वेळा अमोनियानं माझे डोळे उघडत नसताना मला दंडाला धरून बाहेर काढणाराही तोच होता. त्याला त्रास नको म्हणून तर पोस्टमध्ये त्याचा उल्लेख टाळला होता. सगळं श्रेय यंत्राला दिलं होतं.

भाषांतर चुकलंय, एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. पण खोटं पकडलं गेलं असतं तर ताकिदीवर भागलं नसतं. पोरगी डोळ्यांपुढे आली.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"शिफ्ट कुणाची होती?"

मी त्याचं नाव सांगितलं.