दाबून केलेला नमस्कार

"काढून टाका हे. आजच्या आज सरांना सांगा."

विजयाताई सबनीस माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. दीड महिन्यापूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि आदल्या आठवड्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. आता पदर घट्ट लपेटलेला, डोळे रडून सुजलेले. वीज गेली होती. तेव्हा कलकत्त्यात ती रोजच जायची. मी एक्स-रेच्या पाकिटाने त्यांना वारा घालत म्हटलं, अहो, झालं काय ते तरी सांगा. पण बाईंचं आपलं एकच पालुपद, काढून टाका.

मी एस्प्लनेडजवळच्या एका नर्सिंग होममध्ये फिजिओथेरपिस्ट होते. म्हणजे सर्जन कापून-शिवून मोकळे झाले, की पेशंटचा हात, पाय, खांदा पुन्हा कामाला लावायचा, हे माझं काम. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. माझा जन्म कलकत्त्याचाच, घर डमडमला, पण घरात बोलणं मराठी. त्यामुळे मराठी पेशंट आला की 'उषादीला बोलवा' हे ठरलेलं. मग त्याचं दुखणं माझ्या खात्यातलं असो वा नसो.

विजयाताईंचे यजमान खिदिरपूरला कस्टम्समध्ये ऑफिसर. बदलीवर आलेलं कुटुंब. कॅन्सरमुळे विजयाताईंचा डावा स्तन काढावा लागला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. आजार बरा झाला, पण बाईंनी घराबाहेर पडणंच सोडलं. ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला कापसाची उशी ठेवायच्या, स्वतः शिवलेली. ती सरकायची. म्हणून डावा हात कायम पदरावर. कुणी भेटलं की उजवा हात तेवढा कपाळाशी न्यायचा. आमच्या मराठी बायकांत बोलणं सुरू झालं की सबनीसबाईंना भारी शिष्टपणा आला, साधे हात जोडत नाहीत. हे मला त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं आणि वर म्हणाल्या, "खरं काय ते कुणाला सांगू, तुम्हीच सांगा."

आमचे सर्जन डॉक्टर घोषाल परदेशात शिकून आलेले. तिकडे सिलिकॉनची पिशवी घालून स्तनाचा आकार परत देत. त्या पिशवीला इम्प्लांट म्हणतात. आपल्याकडे तेव्हा फार थोड्या डॉक्टरांना ते माहीत होतं. सरांनी विजयाताईंना तपासलं आणि म्हणाले, मसलच्या खाली घालू.

छातीवर पंख्यासारखा पसरलेला एक मोठा मसल असतो. दार ढकलताना, कणीक तिंबताना तो कामाला येतो. कॅन्सरच्या जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर हा मसलही काढून टाकत. विजयाताईंचा मसल त्यांच्या सर्जनने ठेवला होता, हे नशीब. वरची कातडी मात्र अगदी पातळ राहिली होती. नुसत्या कातडीखाली इम्प्लांट ठेवलं असतं तर त्याची कड हाताला लागली असती, डोळ्यांना दिसली असती. मसलखाली ठेवलं की वरून पांघरूण मिळतं.

इम्प्लांट परदेशातून मागवायचं होतं. ते आलं सबनीसांच्याच खात्याच्या हातात. पार्सल उघडलं गेलं आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, हा कुठल्या यंत्राचा भाग आहे? सबनीस म्हणजे चारचौघांत बायकोचं नाव घेतानाही लाजणारा माणूस. नुसते डॉक्टरांचे कागद पुढे केले असते तरी चाललं असतं. पण ते उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या मिसेसचं ऑपरेशन आहे, तिच्या छातीत बसवायचं आहे. मला हे त्यांनी ऑपरेशन चालू असताना कॉरिडॉरमध्ये सांगितलं, भिंतीकडे बघत. त्या माणसाबद्दल मला फार माया वाटली.

ऑपरेशनआधी पेशंटला काय सांगायचं यावरून माझं आणि सरांचं वाजलं होतं. सर म्हणायचे, सगळं ठीक होईल एवढं सांग. मी म्हटलं, सर, ठीक म्हणजे काय ते त्यांना कळायला नको? शेवटी मीच सरांकडून एकेक काढून घेतलं आणि विजयाताईंना मराठीत सांगितलं. मसल उचलून त्याखाली जागा करायची, म्हणून दुखेल जास्त. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटेल. सुरुवातीला ते कडक असेल आणि फार वर, गळपट्टीच्या हाडाकडे दिसेल. खाली यायला, मऊ व्हायला काही महिने जातील. हात लावलात तर तिथे स्पर्श कळणार नाही. दुसऱ्या बाजूसारखं हुबेहूब होणार नाही. शरीर त्याच्याभोवती आपलं एक कवच तयार करतं. ते फार आवळलं तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. हे जन्मभर पुरेलच अशी गॅरंटी नाही. बादली उचलायची नाही, जड दार ढकलायचं नाही, पालथं झोपायचं नाही, डावा हात खांद्याच्या वर मी सांगेपर्यंत न्यायचा नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"दोन्ही हात मोकळे राहतील ना?"

राहतील, म्हटलं मी.

नंतरचे आठवडे अगदी सांगितल्यासारखे गेले. दुखलं, आवळलं, बाई उशांना टेकून बसल्या बसल्या झोपल्या. मी हात थोडा थोडा वर न्यायला शिकवला, बोटांनी भिंतीवर चढत जायचं, असा. केस विंचरता येत नव्हते तर वेणी सबनीस घालून द्यायचे. टॅक्सीतून यायच्या तेव्हा ती वेणी एका कानाकडे निघालेली असायची आणि बाई ती तशीच मिरवायच्या. मला वाटलं, सगळं मार्गी लागलं. आता गणपती येतील, बाई दर्शनाला जातील, दोन्ही हात जोडतील. त्यांनी त्याचीच वाट पाहिली होती.

आणि आता या समोर बसून म्हणत होत्या, काढून टाका.

मी दार लावून घेतलं, पाणी दिलं. मग हळूहळू बोलल्या. काल आमच्या मराठी लोकांच्या गणपतीला गेल्या होत्या. सगळ्या बायका होत्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा पदरावरचा हात काढला.

"दोन्ही हात जोडले, उषाताई. चांगले घट्ट. डोळे मिटले. आणि ते हललं."

"हललं म्हणजे?"

"उडी मारली त्याने. आतल्या आत. माझ्या अंगात काहीतरी परकं, जिवंत बसलंय असं वाटलं मला. मी आरतीला थांबलेच नाही."

मी म्हटलं, हात जोडा पाहू. नाही म्हणाल्या. एकदाच, म्हटलं. त्यांनी जोडले, तळवे एकमेकांवर दाबले, आणि खरंच ब्लाउजखाली डाव्या बाजूचा उंचवटा झटकन बाहेरच्या बाजूला, वर सरकला. हात सैल सोडले की परत जागेवर. मी तिथून उठले ती थेट सरांच्या केबिनमध्ये.

सर चहा पीत होते. आले, तपासलं, दोनदा हात जोडायला लावले आणि म्हणाले, अरे वा, मसल सुरेख काम करतोय. इम्प्लांट जागच्या जागी होतं. मसल आखडला की त्याखालची पिशवीही सरकते, मसलखाली ठेवलं तर हे व्हायचंच, असं त्यांनी सांगितलं. पुढे कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"मायनर गोष्ट आहे, उषा."

"कुणाच्या दृष्टीने, सर?"

माणूस वाईट नव्हता. मग विजयाताईंकडे वळून हिंदीत म्हणाला, तुम्हाला नको असेल तर मी काढीन, पण अजून काही महिने बसू द्या, मग ठरवा. आणि मला खूण करून गेला. म्हणजे निस्तर आता तू.

मी विजयाताईंचा हात धरून माझ्या छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली ठेवला. मग त्यांच्यासमोर हात जोडून दाबले. विचारलं, लागलं काही हाताला? म्हणाल्या, हो, काहीतरी टणक झालं. मी म्हटलं, तोच तो मसल. माझाही हलतो, तुमचा उजवाही हलतो. रोज दार ढकलताना, पोळ्या लाटताना हलतो. वरचं सगळं मऊ असतं म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. तुमच्या डाव्या मसलखाली पिशवी आहे, एवढाच फरक.

"म्हणजे सुटलेलं नाही?"

"नाही. आणि ते आपलं आपण हलत नाहीये, विजयाताई. तुम्ही हलवताय."

विजयाताईंनी मान खाली घालून स्वतःच हात जोडले. दाबले. सोडले. पुन्हा दाबले. पुन्हा सोडले. घामाने चेहरा डबडबला होता, पंखा बंद होता, आणि बाई आपल्याच छातीकडे एखाद्या खोडकर पोरीसारख्या बघत होत्या.

"थांबवताही येतं की हो," म्हणाल्या. आणि हसल्या. त्याआधी मी त्यांना मोकळं हसताना पाहिलंच नव्हतं. माझेच डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही नमस्काराची प्रॅक्टिस केली. बोटांची टोकं नुसती टेकवायची, तळवे दाबायचे नाहीत, खांदे सैल. असा केला तर काही हलत नाही. देवाला हलका नमस्कारही पोचतो, मी सांगितलं. काढण्याचं काय ते नंतर ठरवू, असं म्हणून त्या गेल्या.

थंडी सुरू झाल्यावर शेवटच्या तपासणीला आल्या, सबनीसांबरोबर. इम्प्लांट बरंच खाली आलं होतं, मऊ झालं होतं. वेणी सरळ होती. त्यांची त्यांनी घातली होती. सरांनी तपासलं आणि विचारलं, मग काय ठरलं, ठेवायचं की काढायचं?

विजयाताई उभ्या राहिल्या. पदर जिथे होता तिथे राहू दिला. मी शिकवलेला हलका नमस्कार करतील असं मला वाटलं. त्यांनी सरांसमोर दोन्ही हात जोडले आणि चांगले दाबून धरले. व्हायचं ते झालं, नेसूच्या साडीतूनही कळलं. सर बिचारे छताकडे बघायला लागले. विजयाताईंनी हात खाली घेतले नाहीत. मग सबनीसांनीही शेजारी उभं राहून हात जोडले. काढायचा विषय तिथेच संपला.

त्यानंतर ज्या ज्या बाईचं हे ऑपरेशन ठरलं, तिला मी आधीच हात जोडून दाबायला लावलं आणि सांगितलं, इथे हलेल, घाबरू नका, हलवणाऱ्या तुम्हीच. सरांनी मायनर हा शब्द नंतरही अनेकदा वापरला, पण माझ्याकडे बघून, आणि जरा हळू आवाजात.