समोरच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

ट्रंक आवरताना हळकुंड-सुपारी बांधलेलं पिवळं फडकं हाती आलं आणि विलायतेला शिकायला निघालो ते दिवस आठवले. घराण्यातला पहिला बी. ए. मी. आगबोट मुंबईहून गुरुवारी सुटायची. बंदरावर त्याच सकाळी पोचावं की एक दिवस आधी, यावर बुऱ्हाणपूरच्या आमच्या घरात वाद चालला होता. आई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. मला तिच्यापाशी तेवढा एक दिवस हवा होता. पण समुद्र कधी न पाहिलेले बाबा म्हणाले, "आगबोट म्हणजे आपली बैलगाडी नाही, हाक मारली की थांबायला!" आधी पोचायचं तर मंगळवारी निघावं लागे, आणि प्रवासाला निघायला मंगळवार आईला चालेना. म्हणून तिनेच सोमवारी हे फडकं बांधून समोरच्या काकूंकडे माझं प्रस्थान ठेवलं. प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरायचं आणि घरात परतायचं नाही. मंगळवारी दिवसभर मी काकूंच्या ओट्यावर बसून, गल्लीतल्या हातमागांच्या खटखटीतून येणारा आईचा खोकला ऐकत होतो. शेवटी राहवेना. "आई, पाणी देऊन जातो गं!" भिंत धरत ती दारात आली. "उंबऱ्यात पाय टाकून तर बघ! जहाज चुकलं तर गल्ली मला हसेल," म्हणाली आणि स्वतःच हसली. बुधवारी बंदरावर पोचलो, तर आगबोट अजून आलीच नव्हती. ती येईपर्यंत डांबराच्या वासात ट्रंकेवर बसून राहिलो. शिकून परतलो, तेव्हा मला अडवायला दारात कोणी नव्हतं. अजूनही त्या उंबऱ्याशी माझा पाय थबकतो.