निळे मिस्तरी

घरांना रंग देणाऱ्या या मिस्तरींची नजर पक्की होती. ओलसर भिंतीवर नुसता रंग फासायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ सुनवत, "आधी ओल कुठून येते ते बघा." आणि भिंत पोखरून गेल्यावर कोणी हात जोडले, तर शांतपणे म्हणत, "आधी बोलवायचं होतं."

चार वर्षांपूर्वी शिडीवर असतानाच त्यांची छाती धडधडली होती. डॉक्टरांनी ठोके ताळ्यावर आणणारी गोळी दिली आणि तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलं. ठोके ताळ्यावर आले, मिस्तरी काही गेले नाहीत. जुनी चिठ्ठी पुढे करायची की औषधवाला डोळे झाकून गोळ्या द्यायचा. इतका हुशार माणूस, पण स्वतःच्या बाबतीत अगदीच ढ.

मग तोंडावर निळसर राखाडी झाक चढली. कामावरचा जोडीदार म्हणाला, "मिस्तरी, भिंत रंगवता का तोंड?" मिस्तरीही हसले आणि टर्पेंटाइनच्या बोळ्याने गाल लाल होईस्तोवर घासत बसले. कोरडा खोकला लागला, तेव्हा थिनरला शिव्या देऊन त्यांनी नाकाला फडकं बांधलं. पुढे निम्म्या शिडीवरच धाप लागू लागली. हृदयच पुन्हा कुरकुरतंय असं समजून ते संध्याकाळीही एक गोळी जास्तीची घेऊ लागले.

शेवटी शिडीच चढवेना, म्हणून ते घरी बसले. पंधराव्या दिवशी बायको त्यांच्यासमोर आरसा धरून उभी राहिली. टोपीखालचं कपाळ पहिल्यासारखंच होतं, खाली सगळं निळं.

"अहो, पंधरा दिवस ब्रशला हात नाही तुमचा. मग हा रंग कुठल्या डब्यातला?"

अशी छटा मिस्तरींनी आयुष्यात कधी मिसळली नव्हती. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं, मग छातीचा फोटो उजेडावर धरला. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी पांढरे डाग होते.

"हे या गोळीनंच झालंय. तोंडाचा रंगही तिचाच, ऊन लागलं तिथे चढलेला. ठोक्यांसाठी दुसरं औषध देतो. पण ही बंद केली तरी अंगातून जायला महिने लागतील. रंग हळूहळू उतरेल."

"आणि दम?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो उजेडावर धरला. मिस्तरी त्या पांढऱ्या डागांकडे बघत होते.

"हे खरवडून नाही का काढता येत?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला आणि ते शांतपणे म्हणाले, "आधी यायचं होतं."