खोक्यावर गेमिंग लिहिलं होतं

तीस वर्षं मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात चूक शोधायचा मला पगार मिळायचा. निवृत्त झालो, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. पाहुण्यांनी मिठाई आणली की मी आधी बॉक्स उलटा करून तारीख बघतो. बायको म्हणते, "तुम्ही उद्या देवाच्या प्रसादाची पण एक्सपायरी बघाल." प्रसादाचं पाकीट असलं तर मी बघतोच, फक्त तिला सांगत नाही.

त्यामुळे पोरगी पुण्याची नोकरी सोडून घरी येते म्हणाली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगली चाललेली नोकरी कोणी उगाच सोडतं का? ती म्हणाली, "पप्पा, मला स्वतःचं काम करायचंय. साच्यांचं प्रोग्रामिंग. आपल्या अंबडमध्येच किती कारखाने आहेत." ते खरं होतं. प्लॅस्टिकचा डबा ज्या लोखंडी साच्यात तयार होतो, तो साचा मशीनवर कोरावा लागतो, आणि कोरणाऱ्या टूलने कुठून कुठे आणि किती खोल जायचं हे आधी कॉम्प्युटरवर ठरवावं लागतं. छोट्या कारखान्यांना त्यासाठी कायमचा माणूस ठेवणं जमत नाही, ते बाहेरून करून घेतात. हे सगळं मला तिच्याआधीपासून माहीत होतं. तरी मला वाटलं, हिला तिथून काढलं असणार. विचारलं मात्र नाही. क्वालिटीवाला विचारत नाही, तपासतो. तिचा फोन आला की ती गॅलरीत जाते का, पुण्याच्या मैत्रिणींशी बोलताना आवाज बारीक होतो का, हे मी महिनाभर बघत होतो. आवाज कधी बारीक व्हायचा, कधी नाही.

मग कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली. तिने एक यादी केली आणि कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानदाराला पाठवली. यादीत सगळ्यात वर प्रोसेसर. मी तो मोबाइलवर शोधला, तर त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'गेमिंग' लिहिलेलं.

"हे गेम खेळायचं आहे," मी म्हटलं.

"पप्पा, ते नुसतं विकायचं नाव आहे. मला वेग पाहिजे, आणि वेग ह्याच्यात आहे."

"आमच्या कंपनीत सर्व्हर होता. बारा वर्षांत एकदा बंद पडला नाही. त्याच्यात काय असायचं?"

"सर्व्हरचा प्रोसेसर. तो वेगळ्या कामाला असतो. शंभर जणांनी एकदम काही मागितलं तर तो प्रत्येकाला थोडं थोडं देतो. माझ्याकडे शंभर जण नाहीत, मी एकटीच आहे."

उत्तर चांगलं होतं. फार चांगलं होतं, म्हणूनच मला खटकलं. ज्या कामगाराकडे चुकीसाठी उत्तर आधीच तयार असतं, त्याच्याकडे चूकही तयार असते, हा माझा जुना अनुभव. शिवाय बारावीत असताना हीच पोरगी अभ्यासाच्या नावाखाली दार लावून काय करायची, ते मी विसरलो नव्हतो. मी इंटरनेटवर व्हिडिओ पाहिले. त्या प्रोसेसरचं कौतुक करणारे सगळे लाल-निळे दिवे लावलेल्या खोलीत बसलेले, डोक्यावर हेडफोन घातलेले. एकाच्याही हाताला कधी ऑइल लागलेलं दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात चांदवडला तिच्या मामाच्या मुलाचा साखरपुडा निघाला. मायलेकी दोन दिवस आधी गेल्या. माझे गुडघे धरले होते, मी घरी थांबलो. जाताना पोरगी म्हणाली, "दुकानातून फोन येईल. मशीन जोडून तयार झालं की घेऊन या. काही बदलू नका हं पप्पा." बूट घालताना परत म्हणाली, "काही बदलू नका." दोनदा का सांगितलं, ह्यावर मी संध्याकाळभर विचार केला.

दुसऱ्या दिवशी फोन यायच्या आधीच मी रिक्षा करून दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, शांत माणूस. त्याचं शांत असणंही मला आवडलं नाही. पोरीच्या प्रोसेसरचा खोका अजून फोडलेला नव्हता. मी तो हातात घेऊन फिरवून बघितला.

"ह्याच्यात कोअर किती?" कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग, एवढं मी व्हिडिओंतून शिकलो होतो.

"सहा, काका."

"आणि सर्व्हरवाल्यात?"

"माझ्याकडे एक आहे चौदा कोअरचा. पण तो जुन्या मशीनमधून काढलेला आहे. ताईंनी मागवलाय तेच त्यांच्या कामाला बरोबर आहे."

सहा आणि चौदा. एका लाइनवर सहा माणसं लावायची की चौदा, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि जुना आहे म्हणजे रुळलेला आहे. कारखान्यात नव्या मशीनवर पहिले सहा महिने कोणी विश्वास टाकत नाही, रुळलेल्या मशीनवर डोळे मिटून टाकतात. शिवाय हा माणूस स्वतःच्याच दुकानातली वस्तू घेऊ नका म्हणतोय! दुकानदार असं कधी करतो? दुसऱ्या वस्तूत त्याला जास्त सुटत असेल तेव्हा. इथे नक्की पाणी मुरतंय, असं मी स्वतःला बजावलं.

तरी मी कदाचित परत आलो असतो. पण तो बोलता बोलता म्हणाला, "ह्या सर्व्हरवाल्याला मेमरी पण वेगळी लागते काका. काही चुकलं तर ती स्वतःच चूक पकडते आणि दुरुस्त करते."

मी स्टुलावर बसलो. आतच इन्स्पेक्टर बसवलेला! तीस वर्षं मी जे काम केलं ते मेमरीच्या त्या हिरव्या पट्टीत भरलेलं होतं, आणि माझी पोरगी ते सोडून गेमिंग घेत होती. मला तिची कीव आली, खरंच.

"हेच टाका," मी म्हटलं.

"ताईंना विचारलं का?"

"तिच्याशी बोलणं झालंय."

हे खोटं होतं. आमच्या कारखान्यात ड्रॉइंगमध्ये एक मटेरियल लिहिलंय आणि तुम्हाला दुसरं वापरायचं आहे, तर गिऱ्हाइकाची लेखी परवानगी लागायची. ती नसेल तर पोलादाच्या जागी सोनं आणलं तरी मी रिजेक्ट करायचो. असे किती तरी लॉट मी परत पाठवलेत. त्या दिवशी मला हे आठवलं नाही, असं लिहिलं तर दुसरं खोटं होईल. आठवलं होतं. पण गिऱ्हाईक आपलीच पोर आहे, तिला काय कळतं, असं वाटलं. दुकानदार सर्व्हरचा प्रोसेसर आणि त्याला लागणारा बोर्ड काढायला आत गेला.

मायलेकी साखरपुड्याहून आल्या तेव्हा मशीन टेबलावर काळ्या पेटीत बंद होतं. दुसऱ्या दिवशी अकराला पोरीचं पहिलं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून तिने घाईघाईने आपलं सॉफ्टवेअर टाकलं, एक छोटासा पार्ट उघडून बघितला, तो नीट उघडला, आणि ती झोपली. मी मात्र पेटीवरून हात फिरवून आलो. आवाज नाही, धडधड नाही. मी खूश होतो.

गिऱ्हाईक म्हणजे अंबडमधला साचे बनवणारा एक कारखानदार. वेळेवर आला, चहा नको म्हणाला, हे दोन्ही मला पसंत पडलं. त्याने पेनड्राइव्हवर एका मोठ्या क्रेटचा साचा आणला होता. तो म्हणाला, "मॅडम, मी शेजारी बसतो. तुम्ही टूलचा रस्ता लावा. मध्ये मी बदल सांगीन. माझ्याकडे गिऱ्हाईक असंच बसून बदल सांगतं, त्यामुळे हात किती चालतो ते मला बघायचंय."

मी दारातल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसलो. पेपर वाचत नव्हतो.

पोरीचा हात चांगला चालत होता, पण मशीन चालत नव्हतं. तिने काही लावलं की पडद्यावर एक पट्टी यायची आणि मुंगीच्या पावलाने सरकायची. तो म्हणायचा, "हा कोपरा जरा बारीक टूलने घ्या." पुन्हा पट्टी. "खालून वर नको, वरून खाली घ्या." पुन्हा पट्टी. पहिल्यांदा तो गप्प बसला, दुसऱ्यांदा मोबाइल बघू लागला, तिसऱ्यांदा "आता चहा चालेल" म्हणाला. बायकोने चहा केला, त्याने तो सावकाश प्यायला, कप खाली ठेवला, तरी पट्टी अर्ध्यावरच. पोरीचे कान लाल झाले होते. "नवीन मशीन आहे सर, काहीतरी सेटिंग राहिलंय," ती म्हणाली. लहानपणी शाळेत कविता विसरली होती तेव्हा असाच आवाज झाला होता तिचा. मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं आणि मी उठलो नाही.

"काही हरकत नाही मॅडम. बघतो. कळवतो," असं म्हणून तो गेला. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

तो गेल्यावर पोरीने एक खिडकी उघडली. छोट्या छोट्या चौकोनांची जाळी होती, प्रत्येक चौकोन म्हणजे आतला एकेक कामगार. एकच चौकोन वरपर्यंत भरलेला, बाकीचे सगळे तळाशी. एक जण मरमर मरतोय आणि बाकीचे तंबाखू मळत उभे आहेत, असं ते दिसत होतं. तिचं सॉफ्टवेअर एका वेळी एकालाच काम देतं आणि तो एक जण चपळ लागतो, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून तर तिने कमी पण चपळ कोअरवाला मागवला होता. मग तिने वर लिहिलेलं नाव वाचलं.

"हा प्रोसेसर माझा नाहीये," ती म्हणाली. "फसवलं त्याने. जुना काढलेला माल घातला! तुम्ही म्हणता तेच खरं पप्पा, दुकानदारावर विश्वास ठेवायचाच नाही."

तिने लगेच स्पीकरवर फोन लावला आणि त्याला नको ते बोलली. सगळे शब्द माझे होते, फक्त आवाज तिचा. मग दुकानदाराने विचारलं, "ताई, काका आहेत का तिथे?"

"आहेत. का?"

"काही नाही. तुम्ही मशीन घेऊन या, मी बदलून देतो."

चोराच्या मनात चांदणं. तो माझं नाव घेईल म्हणून मी कान टवकारून बसलो होतो, आणि त्याने ते घेतलं नाही. ज्याला मी लबाड ठरवलं होतं, तो माझ्यासाठी लबाड व्हायला तयार झाला. पोरीने फोन ठेवला आणि त्याच्या दुकानाबद्दल इंटरनेटवर लिहायला घेतलं. मोठ्याने म्हणत टाइप करत होती, "हा माणूस नवीन सांगून जुना माल…"

"ते लिहू नकोस," मी म्हटलं. "मी बदलायला लावला."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात झारा होता. "अहो, लेकीचं काम हाय ते, तुमचं नाय! आणि वर जगाला नाकाने कांदे सोलून दाखवायचे," ती म्हणाली. पोरगी मात्र ओरडली नाही.

"का पप्पा?"

मी चौदा कोअर सांगितले, बारा वर्षं न थांबलेला सर्व्हर सांगितला, चूक पकडणारी मेमरी सांगितली. ती सगळं ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "खरं सांगा."

"मला वाटलं, तू गेम खेळशील."

"आणि?"

मी पेपरची घडी घालू लागलो. तेव्हा तीच म्हणाली, "पुण्यातून मला काढलं, असं वाटतं तुम्हाला. आल्यापासून वाटतंय ना?"

मी मान डोलावली.

"तुम्ही मला एकदा विचारायचं होतं, पप्पा. रोज समोर जेवायला बसते मी."

मला लाज वाटली. इतकी, की ज्या खुर्चीवर बसलो होतो तिथून उठून आत जायचंही सुचेना. कामगारांपुढे, साहेबांपुढे मी कधी मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी फरशीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दुकानात गेलो आणि दुकानदाराची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, मीही ताईंना फोन करायला पाहिजे होता." तिचा सहा कोअरचा प्रोसेसर बसला. तिने स्वतः त्या कारखानदाराला फोन करून मशीनमध्ये चुकीचा भाग बसला होता एवढंच सांगितलं. कोणामुळे, ते सांगितलं नाही. त्याने परत येऊन बघितलं आणि एक छोटं काम दिलं, मग दुसरं. घरात सगळे खूश होते. आठ दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "अंबडमध्ये एका शेडच्या वर छोटी खोली मिळतेय. मशीन तिकडे हलवते." मी म्हटलं, घरात काय कमी आहे? ती म्हणाली, "गिऱ्हाइकांना जवळ पडेल." हे उत्तरही चांगलं होतं. ह्या वेळी मी ते तपासलं नाही.

आता कधी कधी मी तिचा डबा घेऊन जातो. खोलीला काचेचं दार आहे. बाहेरून दिसतं, तिची बोटं भराभर चालत असतात, ओठात पेन धरलेलं असतं, पडद्यावर टूल लोखंडातून सरसर फिरत असतं. बघत उभं राहावंसं वाटतं. मग मी दार ढकलतो. ती हसून "या पप्पा" म्हणते, खुर्ची पुढे करते, आणि कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवते. "चालू दे तुझं," मी म्हणतो. "झालंच आहे," ती म्हणते. पडद्यावरचं काम अर्धंच झालेलं मला दिसत असतं. मी जिन्याकडे वळेपर्यंत ते हात तसेच मांडीवर असतात. कारखान्यात मी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो की माणसं अशीच हात थांबवायची. तीस वर्षं मी त्याला मान समजत होतो.