खाली टेबलं, वर आम्ही

आमच्या गच्चीवर भंगार आणि माझ्याकडं किस्से, दोन्ही आपोआप साठतं. भंगार न्यायला माणूस तरी येतो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी गारखेड्यातल्या एका तीन मजली बिल्डिंगचा सेक्रेटरी. वर बारा फ्लॅट, खाली सलीमभाईंचं हॉटेल. सलीमभाई मूळचे सिल्लोडचे, माणूस गोड. पण संध्याकाळचे सात वाजले की त्यांची दहा टेबलं बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या जागेत येतात, आणि बारा फ्लॅटची झोप जाते! तक्रार कुणी करायची? सेक्रेटरीनं. सेक्रेटरी व्हायला कोण तयार होतं? कुणीच नाही. मी त्या मीटिंगला उशिरा पोचलो होतो.

*

पहिली तक्रार मात्र पहिल्या मजल्यावरच्या कांबळे मॅडम स्वतःच घेऊन गेल्या. रिटायर्ड मुख्याध्यापिका. मी मागं उभा.

"सलीमभाई, रात्री दहानंतर आवाज बंद झाला पाहिजे."

"व्हय मॅडम, बसा की," म्हणत सलीमभाईंनी सवयीनं मेनूकार्ड पुढं ठेवलं.

मॅडमनी ते उघडलं. पहिल्याच ओळीत शुद्धलेखनाच्या दोन चुका! पर्समधून लाल पेन निघालं. अर्ध्या तासात अख्खं कार्ड तपासून झालं. मूळ विषय राहू नये म्हणून तक्रारही त्यांनी खाली त्यावरच लिहून दिली.

सलीमभाईंनी कार्ड जसंच्या तसं छापायला टाकलं. नव्या मेनूत गोड पदार्थ असे: गुलाबजाम, शाही तुकडा, रात्री दहानंतर आवाज बंद.

पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं वेटरला विचारलं, "ये तीसरा वाला दो प्लेट मिलेगा क्या?"

*

दुसऱ्या मजल्यावरचे जाधव. त्यांची तक्रार वासाची. शुगर वाढलेली, डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं, आणि रोज आठ वाजता खिडकीतून नान-खलियाच्या मटणाचा वास. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'सदर वासामुळे माझे पथ्य मोडण्याची दाट शक्यता आहे.'

मी अर्ज खाली देऊन आलो. जाधव वहिनी मात्र माझ्याआधीच सलीमभाईंना भेटून गेल्या होत्या.

दोन दिवसांनी जाधव गुपचूप खाली जाऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. वेटरनं काकडीची प्लेट आणली.

"मी नान-खलिया सांगितला होता!"

"नाय मिळणार साहेब. भाभी का ऑर्डर है."

जाधव तडक माझ्याकडं आले. "सेक्रेटरी, नोटीस काढा! हा हॉटेलवाला रहिवाशांना सर्व्हिस देत नाही!"

*

रविवारी गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्या गेटसमोर लागायच्या. म्हणून एका रविवारी मी स्वतः गेटवर उभा राहिलो. एक मोठी गाडी आली. आतून एक गृहस्थ उतरले, माझ्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, "काका, जरा झाडाखाली लावा." बायकामुलांसह आत गेलेसुद्धा!

मी अकरा वर्षं गाडी चालवलेली नव्हती. झाडापर्यंत काही पोचलो नाही. गाडी हॉटेलच्या दारात आडवी झाली आणि बंद पडली ती पडलीच. आतले आत, बाहेरचे बाहेर.

त्या दिवशी पहिल्यांदा सलीमभाईंनी सोसायटीकडं लेखी तक्रार केली.

*

शेवटी सगळ्यांची एकत्र मीटिंग घ्यायचं ठरलं. विषय एकच, आवाज. सोसायटीला हॉल नाही. मग कुठं बसायचं? सलीमभाईंनी चार टेबलं जोडून दिली.

एक तास आम्ही बारा जण आवाजावर बोललो. जाधव तर टेबलावर हात आपटून बोलत होते. तेवढ्यात मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ उठून आले. हात जोडून म्हणाले, "काका, जरा हळू बोला ना. लई गोंगाट व्हायला. आम्ही फॅमिलीसोबत आलोय."

*

त्या मीटिंगमध्ये ठराव झाला तो असा: महिनाभर बाहेरची टेबलं बंद ठेवून बघायची. सलीमभाईंचं अर्धं गिऱ्हाईक बाहेरच बसायचं. दोन वेटर त्यांनी गावी पाठवले आणि खुर्च्या आत रचून ठेवल्या.

कांबळे मॅडमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये तेव्हा एक तात्या लेकीकडं राहायला आले होते. लासूर स्टेशनचे. घर रुळांना लागून, सगळी हयात रेल्वेच्या आवाजात गेलेली. बायको वारली म्हणून लेकीनं इकडं आणलं. हॉटेलची गडबड चालू असताना तात्या गाढ झोपायचे. आम्हाला वाटायचं, कानानं कमी असतील.

टेबलं बंद झाली आणि बिल्डिंग शांत झोपली. तात्या सोडून. चार रात्री गॅलरीत येरझारा. डॉक्टरच्या गोळीनंही उपयोग नाही.

मी विचारलं, "तात्या, काय होतंय?"

"काय व्हायचंय? कसलाच आवाज नाय. एवढी शांतता आमच्याकडं मयतीलाच असती."

मी हे सलीमभाईंच्या कानावर घातलं. सहज, बोलता बोलता.

त्या रात्री साडेदहाला खाली खणखणाट सुरू झाला. मी तावातावानं जिना उतरलो. हॉटेलचं शटर बंद. बाहेर सलीमभाई एकटेच खुर्चीवर बसलेले. समोर स्टीलची परात. एकेक चमचा वरून परातीत टाकत होते. सगळे टाकून झाले की गोळा करून पुन्हा पहिल्यापासून.

"सलीमभाई, हे काय चाललंय?"

त्यांनी वर बोट केलं. "तात्या का कमरा इधरच है ना?"

तेवढ्यात कांबळे मॅडमच्या गॅलरीतला दिवा लागला. मी भिंतीला चिकटलो.

"सलीमभाई!"

"जी मॅडम."

"तात्या आत्ताच आडवे झालेत. अजून दहा मिनिटं चालू द्या."